मदत हवी आहे: रिऑर्ग चालू असताना कन्सोलवरचे मेसेज ऑपरेटरने कसे वाचायचे? (डीबी२, झेड/ओएस)

तिसरीपाळी_ऐरोली

नमस्कार मंडळी. रात्रपाळीच्या ऑपरेटरांसाठी एक पानाचं टिपण करायचं आहे, त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

मेनफ्रेमवर (ऑपरेटिंग सिस्टिम झेड/ओएस) आयबीएमचा डीबी२ डेटाबेस आहे. बँकेच्या लेजरचं मोठं, पार्टिशन केलेलं (भागांत विभागलेलं) टेबलस्पेस, म्हणजे टेबलचा डेटा ठेवायची जागा, आहे. रविवारी पहाटे १ ते ४:३० या वेळेत त्याचा रिऑर्ग (डेटाची पुनर्रचना करणारी युटिलिटी) चालतो. शेअरलेव्हल चेंज लावलेलं आहे, म्हणजे पुनर्रचना चालू असताना लोकांचे व्यवहारही चालू राहतात. जॉबमधले पर्याय: मॅक्सआरओ (लिहिणं जास्तीत जास्त किती सेकंद बंद राहिलेलं चालेल) ३००, लाँगलॉग (लॉगचं काम आटोक्यात येत नसेल तर काय करायचं) कंटिन्यू, डिले (त्याआधी किती सेकंद थांबायचं) १२००, ड्रेन (कुणाला थोपवायचं) रायटर्स, टाइमआउट (ड्रेन न मिळाल्यास काय करायचं) टर्म. ड्रेन वेट (ड्रेनसाठी किती वेळ थांबायचं) आणि रिट्राय (किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा) जॉबमध्ये दिलेले नाहीत.

अडचण अशी की त्या वेळेत लोकल बंद असतात, डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) डोंबिवलीहून येऊ शकत नाही. सगळं फोनवर. ऑपरेटर फोनवर काय वाचून दाखवतो यावरच निर्णय होतो, आणि तो नेमकं चुकीचं वाचतो. "फेज लॉग, काउंट शून्य, अडकलंय, कॅन्सल करू का?" असा फोन येतो. तीन गोष्टी स्पष्ट हव्या आहेत:

१) फेज (कामाचा टप्पा) = लॉग, काउंट = ० असं पाऊण तास दिसतं. खरंच अडकलेलं असतं का?
२) डीएसएनयू३७७आय हा मेसेज आला की ऑपरेटरने काय करायचं?
३) डीएसएनयू११२२आय, "अनेबल टु ड्रेन, रिट्राय १ ऑफ ६" (ड्रेन, म्हणजे वापरणाऱ्यांना थोपवून टेबलस्पेस मोकळं करून घेणं, जमत नाही) असं येत राहतं आणि शेवटी कारण कोड ००सी२००ईए, रिटर्न कोड ८. दोष रिऑर्गचा की आणखी कुणाचा?

गेल्या वेळचा डिस्प्ले युटिलिटीचा (युटिलिटीची स्थिती दाखवणाऱ्या आदेशाचा) तपशील देतो. लॉगची चौथी फेरी (दरम्यान झालेले बदल लॉगमधून वाचून नव्या प्रतीवर लावण्याची एक खेप) चालू होती, राइट ॲक्सेस येस (लिहिणं चालू). मागच्याच्या मागची फेरी: ६ मिनिटं १० सेकंद, ४ लाख १० हजार लॉग रेकॉर्ड. मागची फेरी: ५ मिनिटं ५० सेकंद, ३ लाख ९५ हजार. चालू फेरीचा अंदाज ५ मिनिटं ३१ सेकंद. पुढच्या फेरीचा अंदाज ५ मिनिटं १३ सेकंद. त्याच वेळी व्याजाचा बॅच चालू होता, तो साधारण २:४० ला संपतो.

लॉगवाचक

तपशील दिलात ते फार बरं झालं, यातच उत्तर आहे.

आधी काउंटचं. काउंटचा अर्थ फेजप्रमाणे बदलतो. अनलोड आणि रिलोडमध्ये तो रेकॉर्ड मोजतो, तिथे पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा डिस्प्ले घेतला की वेग कळतो. सॉर्टमध्ये काम सॉर्ट प्रोग्रॅमच्या हातात असतं, आकडा थांबलेला दिसू शकतो. लॉग फेजमध्ये काउंट शून्य हेच नेहमीचं चित्र आहे. तिथे डीएसएनयू१०५आय (फेज आणि काउंट दाखवणारा मेसेज) कडे बघून काही कळणार नाही, त्याच्या खालचा डीएसएनयू३८३आय (फेऱ्यांचा तपशील) वाचायचा. टिपणात ही पहिली ओळ टाका.

आता तुमचे आकडे. मागची फेरी ३५० सेकंदांत ३ लाख ९५ हजार रेकॉर्ड, म्हणजे रिऑर्ग सेकंदाला सुमारे ११३० रेकॉर्ड लावतोय. हे रेकॉर्ड कधी तयार झाले? त्याच्या आधीच्या फेरीत, ३७० सेकंदांत. म्हणजे बॅच सेकंदाला सुमारे १०७० रेकॉर्ड लिहितोय. पाठलाग करणारा ११३० ने धावतोय, पुढचा १०७० ने. अडकलेलं काही नाही, पण अंतर दर फेरीला जेमतेम पाच टक्के कमी होतंय. ३७०, ३५०, ३३१, ३१३, आणि मग २९७.

डीएसएनयू३७७आय येण्याचं कारणही हेच. "लॉग इज बिकमिंग लाँग" म्हणजे बिघाड नव्हे. पुढच्या फेरीचं काम आधीच्या फेऱ्यांपेक्षा पुरेसं कमी होताना दिसत नाही, एवढंच तो सांगतो. त्यानंतर डिलेइतका वेळ, तुमच्याकडे १२०० सेकंद, थांबून लाँगलॉगमध्ये जे दिलंय ते होतं. कंटिन्यू असेल तर काम चालू राहतं. टर्म असेल तर वीस मिनिटांनी रिऑर्ग स्वतःहून संपतो. ड्रेन असेल तर लिहिणाऱ्यांना थोपवून शेवटची फेरी गाठतो. म्हणून ३७७ आला की ऑपरेटरने पहिल्यांदा डीएसएनयू३८४आय बघायचा. मॅक्सआरओ, लाँगलॉग आणि डिले तिथे छापलेले असतात. लाँगलॉग टर्म दिसला तर हातात वीस मिनिटं आहेत, लगेच फोन. कंटिन्यू दिसला तर घाई नाही.

खरा धोका वेगळाच आहे आणि तो कुठल्याच मेसेजमध्ये लिहिलेला नसतो. तुमचा मॅक्सआरओ ३००. फेरीचा अंदाज २९७ वर आला की डीबी२ म्हणणार, "बसलं", आणि शेवटची फेरी लिहिणं बंद करून चालवणार. ऐन व्याजाच्या बॅचमध्ये लेजर जवळजवळ पाच मिनिटं फक्त वाचण्यापुरतं. एटीएम, ऑनलाइन व्यवहार, सगळे टाइमआउट.

कमिट_पॉइंट

मग मॅक्सआरओ वाढवून ६०० केला तर लवकर सुटणार नाही का? फेऱ्या तरी वाचतील.

लॉगवाचक

नका करू. मॅक्सआरओ म्हणजे "लिहिणं जास्तीत जास्त किती वेळ बंद राहिलेलं चालेल" याची तुम्ही दिलेली कबुली. ६०० दिलात की तो याच फेरीनंतर लिहिणं थांबवेल, पाच मिनिटांहून जास्त वेळ. उलट दिशेने जायचं. बॅच चालू आहे तोवर हा आदेश (आरजीलेजर०१ म्हणजे रिऑर्गच्या युटिलिटीचं नाव):

-अल्टर युटिलिटी(आरजीलेजर०१) रिऑर्ग मॅक्सआरओ(डिफर) लाँगलॉग(कंटिन्यू)

डिफर दिल्यावर तो शेवटच्या फेरीत शिरतच नाही, लिहिणं चालू ठेवून फेऱ्या मारत राहतो. दोन्ही पर्याय जोडीने द्या. डिफरबरोबर लाँगलॉग टर्म राहिला तर सगळी मेहनत वाया.

२:४० ला बॅच संपला की लिहिण्याचा वेग पडतो. समजा तो सेकंदाला १५० रेकॉर्डवर आला. मग ३१३ सेकंदांची फेरी थेट ४२ सेकंदांवर येते, त्याच्या पुढची ६ वर. फेरीचा प्रत्यक्ष वेळ आणि पुढचा अंदाज दोन्ही पाच सेकंदांखाली आले की डीबी२ पुढच्या फेरीत पाच सेकंदांचा विराम घालतो आणि कन्सोलवर डीएसएनयू३६२आय पाठवतो. डिफर लावलेला असताना ऑपरेटरने ज्याची वाट बघायची तो मेसेज हा. तो आला की:

-अल्टर युटिलिटी(आरजीलेजर०१) रिऑर्ग मॅक्सआरओ(१२)

काही क्षणांत शेवटची फेरी, मग स्विच (जुन्या डेटासेटऐवजी नवा वापरात येतो). लक्षात ठेवा, ३६२ सारखा सारखा येत नाही, पुन्हा पाठवायला मध्ये ३० मिनिटं जावी लागतात. चहाला गेलेल्या माणसाचा तो हुकला तर डिस्प्ले युटिलिटी घेऊन पुढच्या फेरीचा अंदाज बघायचा, तेवढं पुरतं.

अल्टर युटिलिटी चालवायचा अधिकार रात्रपाळीच्या आयडीला आहे का, ते दिवसा तपासून ठेवा. पहाटे अडीचला अधिकार मागत बसायची वेळ येऊ नये.

क्लेमर_शोधा

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. ००सी२००ईए म्हणजे ड्रेन मागून वेळेत मिळाला नाही. रिऑर्गने आपलं काम पुरं केलेलं असतं, दुसरंच कुणीतरी टेबलस्पेस धरून बसलेलं असतं. डीएसएनयू११२२आय दिसल्या दिसल्या हा आदेश द्या, रिट्राय संपण्याची वाट बघू नका:

-डिस्प्ले डेटाबेस(नाव) स्पेसनॅम(नाव) क्लेमर्स

कनेक्शन आणि कोरिलेशन आयडी मिळतात, म्हणजे कुठला जॉब ते कळतं. डब्ल्यूआर दिसलं तर लिहिणारा, सीएस दिसलं तर वाचणारा. क्लेम (टेबलस्पेस वापरात असल्याची नोंद) कमिटला, म्हणजे बदल पक्के केले की, सुटतो. तासभर कमिट न करणारा बॅच असेल तर तासभर ड्रेन मिळणार नाही. विथ होल्ड कर्सर (कमिटनंतरही उघडा राहणारा) उघडा ठेवला असेल तर कमिट करूनही क्लेम सुटत नाही, तो कर्सर बंद व्हावा लागतो. अनकमिटेड रीडने वाचणारी चौकशीही क्लेम धरते. "मी तर नुसतं वाचतोय" हे कारण इथे चालत नाही.

असे धरून बसणारे आधीच ओळखू येतात. डीएसएनआर०३५आय (बरेच चेकपॉइंट झाले तरी कमिट नाही), डीएसएनजे०३१आय (कमिट न करता खूप लॉग लिहिला) आणि डीएसएनबी२६०आय (वाचणारा बराच वेळ चालू आहे) हे तीन मेसेज रिऑर्ग सुरू होण्याआधीच्या तासाभरात कन्सोलवर येऊन गेलेत का, ते पाहायचं. नुसतं वाचणारा पहिल्या दोन्हींत सापडत नाही, २६० मध्येच सापडतो. हे उंबरठे सिस्टिम पॅरामीटरमध्ये ठरतात. तिथे शून्य असेल तर मेसेज येणारच नाही, तेव्हा आपल्याकडे ते चालू आहेत का बघा.

दुसरं, ड्रेन वेट दिलेला नाही हीच मोठी चूक आहे. न दिल्यास तो लॉक टाइमआउट गुणिले युटिलिटीचा गुणक एवढा धरतो. ३० सेकंद आणि ६ असेल तर १८० सेकंद. त्या १८० सेकंदांत प्रत्येक नवा लिहिणारा ड्रेनच्या मागे रांगेत उभा राहतो आणि त्याचा स्वतःचा टाइमआउट ३० ला संपतो. म्हणजे रिऑर्ग शांतपणे तीन मिनिटं थांबलेला, आणि बाहेर व्यवहारांवर व्यवहार पडताहेत.

आयबीएमचा धरायचा हिशेब असा: ड्रेन वेट अधिक मॅक्सआरओ हे लॉक टाइमआउटपेक्षा ५ ते १० सेकंदांनी कमी असावं. ३० चा टाइमआउट असेल तर ड्रेन वेट १० आणि मॅक्सआरओ १२. रिट्राय ६, रिट्राय डिले १२०. आणि ड्रेन रायटर्सऐवजी ड्रेन ऑल. रायटर्समध्ये शेवटच्या फेरीला लिहिणारे थांबवतो आणि स्विचला पुन्हा वाचणारे, म्हणजे दोन ठिकाणी अडखळतो. ऑलमध्ये एकदाच.

रिट्रायच्या मधल्या वेळात लिहिणं पुन्हा चालू होतं आणि लॉगच्या फेऱ्याही. त्यामुळे इनलाइन इमेज कॉपी (रिऑर्गबरोबरच घेतली जाणारी बॅकअप प्रत) फुगते. कॉपीच्या डेटासेटला जागा सढळ ठेवा.

कमिट_पॉइंट

फोर्स ऑल लावून मोकळं झालं तर? शेवटच्या रिट्रायला धरून बसलेल्यांना डीबी२च काढून टाकेल.

क्लेमर_शोधा

काढेल, पण दोन तास कमिट न केलेला बॅच काढला तर त्याचा रोलबॅकही (केलेले बदल मागे घेणं) तसाच लांबणार, आणि रोलबॅक पुरा होईपर्यंत क्लेम सुटत नाही. ड्रेन तरीही मिळणार नाही, वर बॅच गेला. नुसत्या वाचणाऱ्यांसाठी फोर्स रीडर्स ठीक आहे. लेजरवर फोर्स ऑल लावू नये, असं माझं स्पष्ट मत.

तिसरीपाळी_ऐरोली

खूप आभार, दोघांचेही. एकच राहिलं. थांबवायचंच ठरलं तर ऑपरेटर सरळ जॉब कॅन्सल करतो. ते कितपत बरोबर?

लॉगवाचक

नाही. जॉब कॅन्सल केला तरी डीबी२च्या हिशेबात युटिलिटी "स्टॉप्ड" अवस्थेत तशीच राहते. थांबवायचं असेल तर -टर्म युटिलिटी(आरजीलेजर०१), आणि मग पुन्हा डिस्प्ले. डीएसएनयू११२आय आला, म्हणजे त्या नावाची युटिलिटी उरली नाही, की सुटलं.

टर्मची किंमत फेजप्रमाणे ठरते. लॉग फेजपर्यंत मूळ डेटासेटला हात लागलेला नसतो, सगळं काम सावलीच्या (वेगळ्या, नव्या प्रतीच्या) डेटासेटवर चालतं. टर्म केलं तर डेटा सुखरूप, पण पुढच्या वेळी पुन्हा अनलोडपासून. फेज = स्विच दिसत असेल तर हात लावायचा नाही, काही मिनिटं थांबायचं आणि डीएसएनयू३८७आय ची वाट बघायची. तिथे जुन्या डेटासेटवरून नव्यावर जाण्याचं काम चालू असतं. टर्म केलं तर डीबी२ जुने डेटासेट परत जागेवर आणतो, पण तेवढा वेळ टेबल कुणालाच मिळत नाही.

तुमच्याकडे टाइमआउट टर्म आहे, ते तसंच ठेवा. ड्रेन न मिळाल्यास रिटर्न कोड ८ येतो आणि टेबल वाचण्या-लिहिण्यासाठी मोकळं होतं. टाइमआउट अबेंड असेल तर ते अडकलेल्या अवस्थेत राहतं, आणि सकाळी शाखा उघडल्यावर कळतं.

क्लेमर_शोधा

टिपणात स्टोरेजवाल्यांसाठी एक ओळ घाला. डेटासेटच्या नावात आय०००१ आणि जे०००१ असे दोन प्रकार दिसतील. रिऑर्ग दर वेळी एकावरून दुसऱ्यावर जातो. त्यामुळे स्विच झाल्यानंतर जे०००१ हाच खरा डेटा असू शकतो, "रिऑर्गचं उरलेलं" म्हणून तो पुसायचा नाही. सध्या कुठला चालू आहे ते सिसटेबलपार्ट कॅटलॉगमधल्या आयप्रिफिक्स रकान्यात, पार्टिशनवार दिसतं. काही पार्टिशन आय वर आणि काही जे वर असणं अगदी नेहमीचं आहे, जेव्हा रिऑर्ग काही पार्टिशनपुरता केलेला असतो.

तिसरीपाळी_ऐरोली

हे आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हतं. येत्या रविवारच्या जॉबमध्ये ड्रेन ऑल, ड्रेन वेट १०, रिट्राय ६, रिट्राय डिले १२० टाकतो. सुरुवात मॅक्सआरओ डिफरने, बॅच संपल्यावर १२. ऑपरेटरने फोनवर वाचायच्या चार गोष्टी ठरवल्या: फेज, फेरीचा क्रमांक, राइट ॲक्सेस येस की नो, पुढच्या फेरीचा अंदाज. काउंट विचारल्याशिवाय सांगायचा नाही.

लॉगवाचक

पाचवी गोष्ट जोडा: डिस्प्ले किती वाजता घेतला ती वेळ. फोन लागेपर्यंत एक फेरी संपून दुसरी सुरू झालेली असते.