‘शॅम सर्जरी’ला मराठीत काय म्हणायचं?

डिचोलीकरीण
मणक्याच्या एका संशोधनाचं संमतिपत्र मराठीत करायला घेतलंय आणि एका शब्दापाशी तीन दिवस अडून बसलेय. रुग्णांचे दोन गट. एकावर खरी शस्त्रक्रिया होणार, दुसऱ्यावर ‘शॅम’. म्हणजे माणसाला टेबलावर पालथं झोपवायचं, पाठ बधिर करायची, बाकी सगळी तयारी तशीच, फक्त मुख्य काम करायचं नाही. आपण कुठल्या गटात आहोत हे रुग्णाला कळू द्यायचं नाही. मी ‘खोटी शस्त्रक्रिया’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडलं आणि वर ‘मिथ्या’ लिहून परत पाठवलं. कारण काही दिलं नाही.

गोव्यात साखळी गावी राहणाऱ्या मावशीला वाचून दाखवलं. मराठी वाचते, कोकणी बोलते, कंबरदुखी जुनी. असल्या कागदावर सही करायची वेळ नेमकी तिच्यासारखीवरच येते. ‘मिथ्या’ ऐकून म्हणाली, हे कीर्तनातलं. मग ‘फसवी’ म्हणून पाहिलं तर तिनं चष्माच काढून ठेवला. ‘फटयतात जाल्यार सय कित्याक करूं?’ म्हणजे, फसवतात तर सही कशाला करू?

तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. शब्द सुचवा.

पेडण्याचा मास्तर
‘छद्म’ घ्या. छद्मवेष आपल्याकडे आहेच, तेव्हा छद्मशस्त्रक्रिया सहज होते. हिंदीवाल्यांनी प्लासिबोला, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीला, कूटभेषज केलं, आपण मात्र प्रत्येक वेळी उसनवारी करतो. नवा शब्द पहिल्यांदा परका वाटतोच. ‘संगणक’ही वाटला होता.

मांडवीकाठ
मास्तर, ‘छद्मी’ म्हटलं की आधी हसणं आठवतं, तेही कुत्सित. आणि कूट म्हणजे आमच्या घरी दाण्याचं. संमतिपत्र ज्याला समजतं त्याच भाषेत हवं. ज्याची पाठ दुखतेय त्याला शब्दकोश उघडायला लावू नका.

फोंड्याची फिजिओ
मला ‘खोटी’ वेगळ्याच कारणानं पटत नाही. २००९ मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी छापून आले, एकात १३१ रुग्ण, दुसऱ्यात ७८. हाडं ठिसूळ होऊन मणका चेपला की सुईनं त्यात सिमेंट भरतात, त्याचा खरंच उपयोग होतो का, हे बघायचं होतं. मोठ्या अभ्यासात शॅमवाल्यांनाही पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं, पाठीवर दाब दिला आणि सिमेंटच्या द्रवाची बाटली उघडली. त्या द्रवाला उग्र वास असतो, तो खोलीत पसरायला हवा होता. महिन्यानंतर पाहिलं तर दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता.

२००१ चा पार्किन्सनचा अभ्यास याहून पुढचा. ४० रुग्ण, निम्म्यांच्या मेंदूत पेशी सोडल्या. उरलेल्यांच्या कवटीला भोकं पाडली, पण मेंदूच्या आवरणाला धक्का लावला नाही. ज्याच्या कवटीला भोक पडलं, त्याला ‘तुझ्यावर खोटं ऑपरेशन झालं’ असं कसं सांगायचं? भोक खरं आहे, जखम खरी आहे, जंतुसंसर्गाची भीतीही खरी आहे.

डिचोलीकरीण
हे मला सुचलंच नव्हतं. खोटं म्हटलं की धोकाही खोटा वाटतो.

मांडवीकाठ
मग ‘भूल’ शब्दाकडे बघा. भूल पडणे, भुलवणे यात फसवणूक आहेच. तरी ‘भूल देणार’ म्हटल्यावर कोणी सही नाकारत नाही, कारण ती कशासाठी देतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. नाव शोधत बसण्यापेक्षा त्या ओळीत काय करणार ते लिहा: ‘पाठ बधिर करून सुई टोचू, पण सिमेंट भरणार नाही.’ मावशीला वाचून दाखवा.

पेडण्याचा मास्तर
वाक्य म्हणजे संज्ञा नव्हे. वीस पानांच्या पत्रात हे वाक्य चाळीस वेळा लिहिणार का?

काणकोणकर
मूळ प्रश्न सोडून विचारतो. तुमच्या पत्रात ‘मणक्यातला गॅप’ आलाय का? त्याचं काय केलंत?

डिचोलीकरीण
‘मणक्यांमधली फट’.

काणकोणकर
बाई, ते आधी काढा! कोकणीत फट म्हणजे खोटं आणि फाट म्हणजे पाठ. तुमच्या मावशीला ‘फाटीत फट’ ऐकू येणार, आणि त्याच पानावर खोटी शस्त्रक्रिया!

फोंड्याची फिजिओ
शिवाय अर्थही उलटा. रोज कोणीतरी सांगतं, ‘माझ्या मणक्यात गॅप पडलाय.’ दोन मणक्यांमध्ये जागा मुळात असतेच, तिथे गादी असते. वयानं गादीतलं पाणी कमी होतं, ती चेपते आणि जागा *कमी* होते. गॅप बुजत चाललाय असं म्हणायला हवं. पण लोकांच्या डोळ्यांसमोर दोन मणके फाकलेले असतात, मग ते वाकायलाच घाबरतात. या एका शब्दामुळे व्यायाम सोडलेली माणसं मी पाहिली आहेत.

पेडण्याचा मास्तर
गादी नव्हे, चकती. आणि कण्याला सरसकट मणका म्हणू नये. मणका म्हणजे मणी, एक नग. कणा म्हणजे अख्खी माळ. ‘मज्जारज्जू’ही टाळा, मज्जा हाडातही असते. मेरुरज्जू लिहा.

मांडवीकाठ
‘मणक्याचं ऑपरेशन’ अख्खी मराठी म्हणते, सर. ते आता कसं बदलणार? ‘गादी सरकली’ यात तर चूकही नाही. चकतीपेक्षा गादी मऊ, आणि ती मऊ असते हेच तर सांगायचंय.

काणकोणकर
आमच्या आजीच्या काळी यातलं काहीच नव्हतं. उसण भरली, एवढंच. आजी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेली. सकाळी सकाळी लोक उसण काढायला अंगणात यायचे. ते तुळशीकडे तोंड करून वाकायचे, आजी उजव्या पायाचा अंगठा कमरेला तीनदा लावायची. मी शेजारी उभा असायचो. आलेला माणूस सरळ होऊन जायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

फोंड्याची फिजिओ
उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआपच ओसरते. आजींच्या अंगठ्यानं किती गेली आणि दिवस सरल्यानं किती, हे वेगळं काढायला दुसरा गट लागतो, ज्याच्या कमरेला साध्या माणसाचा अंगठा लागेल. डिचोलीकरीण बाई, मावशीला शॅम असं सांगून बघा. तिला पायाळू ठाऊक असणार.

डिचोलीकरीण
संध्याकाळी फोन करते. ओळ मांडवीकाठांची ठेवतेय, संज्ञेची जागा अजून रिकामी आहे. सोमवारी पाठवायचंय.

पेडण्याचा मास्तर
पायाळू की पायाळ? आमच्या पेडण्यात पायाळ म्हणतात.

काणकोणकर
आमच्याकडे ‘पायाळू’च. आणि अशा माणसाला विजेची भीती असते म्हणून पावसात आजीला अंगणात जाऊ देत नसत. पेडण्यातही तसंच मानतात का?