‘लपलेलं अक्षर’ की ‘अदृश्य चिन्ह’?

परभणीहून, प्रश्न

नमस्कार मंडळी. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. परवा ‘शेतकऱ्यांची यादी’ ही फाइल शोधायलो, तर सापडंना गेली. फोल्डर उघडलं की समोरच बसलेली, शोधपट्टीत नाव टाकलं की गायब. त्यात भर म्हणजे शेजारी अगदी त्याच नावाची दुसरी फाइल. एका फोल्डरात एका नावाच्या दोन! पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, “मामा, नावात हिडन कॅरेक्टर असेल.” गिऱ्हाइकाला मी ते ‘लपलेलं अक्षर’ म्हणून सांगितलं, तर बाजूला बसलेले गुरुजी हसायला लागले. मग नेमका शब्द कोणता?

लातूरहून

गुप्त अक्षर म्हणा की राव. लै सोपं.

अंबाजोगाईहून, निवृत्त मराठी शिक्षक

‘गुप्त’ नको दादा. आपल्याकडे त्या शब्दाला वेगळा इतिहास आहे. महानुभावांनी पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. तिथे चिन्हं डोळ्यांना स्पष्ट दिसतात, गुप्त असतो तो अर्थ. तुमच्या फाइलीत नेमकं उलटं आहे. अर्थ कळतो, चिन्ह दिसत नाही.

‘लपलेलं’सुद्धा मला खटकतं. लपणारा आपण होऊन लपतो, लपवलेल्याला दुसऱ्यानं लपवलेलं असतं. आणि अक्षर म्हणावं तर त्याला उच्चार हवा. म्हणून ‘अदृश्य चिन्ह’.

नांदेडहून, संगणकाचं काम करते

सरांचा ‘लपवलेलं’ शब्द जपून ठेवा, तो दुसरीकडे लागतो. लपवलेली फाइल म्हणजे अख्खी फाइलच यादीत न दिसणारी. विंडोजमध्ये तशी खूण करता येते, लिनक्स या विंडोजसारख्याच दुसऱ्या प्रणालीत नावाच्या सुरुवातीला टिंब दिलं की झालं. भाऊंची फाइल दिसतेय, तिच्या नावातलं काहीतरी दिसत नाही. या दोन गोष्टींना एकच शब्द वापरला की दुरुस्ती करणारा भलतीकडेच शोधत बसतो.

आता भाऊ, तुमच्या नावातला ‘ऱ्यां’ बघा. माझा संशय त्याच्यावर आहे. तो अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला-चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, नुक्त्याच्या ऱ ला हलन्त लावून. दुसरी, साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, क्रमांक २००डी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मशीन मात्र क्रमांक वाचतं, आकार नाही. म्हणून एका नावाच्या दोन फाइली.

सगळीच अदृश्य चिन्हं अशी कामाची नसतात. व्हॉट्सॲपवरून किंवा वेबपानावरून नाव चिकटवलं की न तुटणारी मोकळी जागा किंवा शून्य रुंदीची जागा कधीकधी सोबत येते. तिला खुशाल कचरा म्हणा.

लातूरहून

मग सगळंच पुसून टाकणारा प्रोग्राम चालवला तर?

अंबाजोगाईहून

अहो, थांबा! ‘आचाऱ्यांना बोलवा’ लिहिलेलं असेल आणि तो जोडक पुसला, तर ‘आचार्यांना बोलवा’ होईल. लग्नात स्वयंपाकी यायचा तिथं पंडित येतील. दऱ्याचा दर्या होईल. दिसत नाही म्हणून ते फालतू नाही. इथे तर उच्चारच त्याच्यावर उभा आहे. म्हणून मी ‘अदृश्य’वरच ठाम आहे. ‘छुपं’, ‘चोर’ असले शब्द आधीच त्याला गुन्हेगार ठरवतात.

हिंगोलीहून

शब्द ठरला, पण करायचं काय ताई?

नांदेडहून

विंडोजमध्ये एफ-२ दाबा, एक्स्टेन्शन (शेवटच्या टिंबापुढचा भाग) सोडून पूर्ण नाव पुसा आणि हातानं नव्यानं टाइप करा. अर्धंमुर्धं बॅकस्पेस करू नका, न दिसणारं आत राहून जातं. जुनं नाव कॉपी तर अजिबात करू नका, दुखणं पुन्हा आत येतं. नावाच्या शेवटी मोकळी जागा असलेली फाइल दुसऱ्या यंत्रावरून आली असेल, तर विंडोज तिला सहजी पुसायलाही तयार होत नाही. ती लिनक्सवर नेऊन नाव बदललेलं बरं.

लिनक्सवर नावात तिरकी रेघ आणि शून्य क्रमांकाचं चिन्ह सोडून काहीही चालतं, अगदी नवी ओळसुद्धा. तिथं ‘एलएस’ या यादी दाखवणाऱ्या आज्ञेला ‘आय’चा पर्याय दिला की प्रत्येक फाइलीचा आयनोड क्रमांक, म्हणजे यंत्रानं तिला दिलेला आतला क्रमांक, दिसतो. नाव टाइप होत नसेल तर ‘फाइंड’ या शोधायच्या आज्ञेनं त्या क्रमांकावरून फाइल पकडायची. माणसाचं नाव नीट घेता येईना तर सातबाऱ्यावरचा गट नंबर सांगावा, तसं.

परभणीहून

ताई, तुमचा संशय खरा निघाला. एक यादी मी केलेली, दुसरी पोरानं मोबाइलवर केलेली. गुरुजींनाही ‘अदृश्य चिन्ह’ पटलं. नाव बदलण्याआधी दोन्ही उघडून पाहिल्या. एकीत ४२ शेतकरी आहेत, दुसरीत ४१. आता तो एक कोण, ते शोधायलो.