सीबीएन तेलानं झोप लागते का? वडिलांसाठी विचारतोय

रावेरकर_केळीवाला:
वडील ६८ चे, रात्री दोन-अडीचला जाग आली की मग डोळ्याला डोळा लागत नाही. मोबाईलवर सारखी विजयाच्या म्हणजे भांगेच्या तेलाची जाहिरात येतेय, त्यात सीबीएन नावाचा घटक आहे म्हणे, नशा नाही आणि झोप गाढ. त्यातलाच सीबीडी ऐकून होतो, हे काय नवीन? वडिलांना बीपीची आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. घरात कोणाला दिलंय का?

सातपुडा:
भो, कसाले या फंदात पडतस! शिरपूरकडे पोलीस गांज्याची शेतं उपटतात अन् आपण तेच बाटलीत घ्यायचं?

फार्मसीवाली_जळगाव:
सातपुडा भाऊ, सरसकट तसं नाही. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात बंदी फुलोऱ्यावर आणि चरसवर आहे, नुसतं पान त्यात येत नाही, म्हणून तर आयुष लायसनवाली विजयाची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतात.
आणि सीबीएन नवीन कुठलं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच केंब्रिजला वेगळं काढलेलं. गांजा जुना झाला, हवा-उजेड लागला की त्यातल्या टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचं, हळूहळू सीबीएन होतं. पण १९७५ ला ५ जणांना देऊन बघितलं तर नुसत्या सीबीएननं गुंगी आलीच नाही, टीएचसीसोबत दिल्यावर आली. २०२३ च्या अभ्यासात २० मिलीग्रॅम सात रात्री दिलं, मधे जाग येणं कमी झालं पण झोप लवकर लागली असं काही नाही, सीबीडी जोडूनही फरक नाही. जाहिरातवाले यातलं अर्धंच सांगतात.

रावेरकर_केळीवाला:
ताई, बाटलीवर फुल स्पेक्ट्रम लिहिलंय. चालेल ना?

फार्मसीवाली_जळगाव:
म्हणजे थोडंफार टीएचसी आलंच. रात्री लघवीला उठले आणि गरगरून पडले तर? रक्ताची गोळी कोणती ते आधी बघा. वॉरफेरिन असेल तर सीबीडीनं तिचा असर वाढून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) वर गेल्याच्या केसेस आहेत.

चोपडेकर:
काका रात्री मोटर चालू करायला जातात का? आमच्याकडे थ्री फेज लाईट रात्रीची असली की माझे वडीलबी दोनला उठून पाणी भरायला जायचे, शेती सोडली तरी जाग त्याच टायमाला, कोणतं तेल काय करणार त्याला.

रावेरकर_केळीवाला:
अजूनही तेच जातात भाऊ, मला जाऊच देत नाहीत. आणि ताई, डबी बघितली, वॉरफेरिनच आहे. तेल मागवत नाही, सोमवारी डॉक्टरकडे नेतो.

सातपुडा:
मोटरले मोबाईल स्टार्टर बसाडी दे भो.