तीन बर्नरची शेगडी: काच, स्टील की हॉब?

मुग्धा_पिंपरी: आमची दोन बर्नरची स्टीलची शेगडी 19 वर्षं चालली. आता एक ज्योत पिवळी येते, पातेल्यांची बुडं काळी होतात. सोसायटीत पाइपचा गॅस येतोय. रोज सात-आठ भाकऱ्या, आणि सासूबाईंना भरताचं वांगं थेट आचेवरच भाजायचं असतं. नवऱ्याला हॉब, म्हणजे ओट्यात बसवायची शेगडी, हवाय. बजेट 8 हजार. काय घेऊ?

जुना_खवय्या: हॉबचा नाद सोडा. त्यासाठी ओट्याचा ग्रॅनाइट कापावा लागतो, पुढे दुसरा घ्यायचा तर भोक जुन्याच मापाचं. आणि वांग्याचा रस गळला की शेगडी उचलून खालून पुसता येते. हॉबचं काय करणार?

रेवती: काचेच्या शेगडीबद्दल माझं ऐका. रात्री गॅस बंद करून पंधरा मिनिटं झाली असतील, फाडकन आवाज आला. ओटाभर खडीसाखरेएवढे तुकडे, मिसळणाच्या डब्यातसुद्धा! दुकानदार म्हणाला, काच वॉरंटीत येत नाही. दिसायला सुरेख होती हो, पण आता स्टीलच.

नळ_ते_नोझल: ज्योत पिवळी म्हणजे हवा नीट मिसळत नाहीये. आधी बर्नर काढून भोकं सुईने साफ करून बघा, कदाचित जुनीच अजून चालेल. नवी घेतलीत तर पितळी बर्नर बघा आणि दुकानात स्पष्ट सांगा की पाइपचा गॅस येणार आहे. सिलिंडरच्या शेगडीवर आयएसआयचा नंबर 4246 असतो, पाइपच्या गॅसवाल्या शेगडीवर 17153. पाइपच्या गॅसचा दाब कमी, म्हणून जेटचं, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या छोट्या तोटीचं, भोक मोठं. तीच शेगडी सिलिंडरला जोडली तर ज्योत भडकते, काजळी धरते. जुन्या जेटला ड्रिल मारून देणारे भेटतील, त्यांना हात लावू देऊ नका.

मुग्धा_पिंपरी: बर्नर साफ केला, दोन दिवस निळी, परत पिवळी. म्हणजे नवीच. तीन बर्नर एकमेकांपासून पुरेसे लांब असतात का?

रेवती: तिथेच फसायला होतं! भाकरीचा तवा ठेवला की शेजारी कढई बसत नाही. घरचा तवा, कढई आणि कुकर घेऊन जा, तिन्ही एकदम मांडून बघा. तवा डुगडुगला तर पुढची शेगडी. लाज वाटू देऊ नका, मी नेला होता.

मुग्धा_पिंपरी: शनिवारी तवा पिशवीत घालून निघतेय. सासूबाई म्हणतात, एक वांगंही घे.