बोर्डानं 30 टक्के लिहिलं, तरी डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली. आता काय करावं?

जांबोटीचा हवालदार:
नमस्कार. 24 वर्षं फौजेत काढून 2023 च्या जुलैत गावी आलो. सुटताना मेडिकल बोर्डानं बीपीमुळे 30 टक्के अपंगत्व लिहिलं, तेही कायमचं. पण पुढच्या रकान्यात 'सेवेमुळे नाही, सेवेत वाढलेलंही नाही'. कारण काय, तर आजार शांत ठिकाणच्या पोस्टिंगवर सापडला. हेच मनाला लागलं. त्याआधी अडीच वर्षं काश्मीरला कुपवाड्यात राष्ट्रीय रायफल्समध्ये होतो. रात्री गस्तीवरून आलं की डोकं ठणकायचं, गोळी घेऊन झोपायचो. बदली होऊन आलो आणि सहा महिन्यांत मशीनवर 160 दिसलं. भरती झालो तेव्हा होतं का हे? नकाराचं पत्र दसऱ्याला आलं, भातकापणीच्या गडबडीत ट्रंकेत पडलं. चार महिने झाले. अजून काही होतं का?

चंदगडचा सुभेदार:
होतं की! पण आधी ट्रंक उघडून पत्राची तारीख बघा. पहिल्या अपिलाला सहा महिने असतात, म्हणजे तुमच्याकडे दोनच उरलेत. माझंही साखरेचं असंच परत आलेलं. रेकॉर्ड ऑफिसकडून बोर्डाच्या कागदांची प्रत मागवा, नाही दिली तर माहिती अधिकारात मागा. तुमचे टक्के पेन्शनला लागणाऱ्या किमान 20 च्या वर आहेत, तिथं भांडण नाहीच. भांडण त्या एका रकान्याशी. सुप्रीम कोर्टानं 2013 ला धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलंय: भरतीच्या कागदावर आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा धडधाकट होता असं धरायचं, आणि सेवेशी संबंध नाही हे दाखवायचं ओझं सरकारवर. नुसतं 'शांत ठिकाण' लिहून भागत नाही, डॉक्टरांनी कारण द्यावं लागतं. अपिलात कुपवाड्याच्या तारखा घाला. ते फेटाळलं तर दुसरं अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. माझा पत्ता महाराष्ट्रातला म्हणून मी मुंबई खंडपीठात गेलो. तुमचं जांबोटी कर्नाटकात, ते मुंबईत येत नाही; कुठल्या खंडपीठात जायचं हे वकिलाला पहिलं विचारा.

निपाणीची लेक:
काका, 30 टक्के मंजूर झाले तर पेन्शनच्या हिशोबाला 50 धरतात. सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या राम अवतार निकालानं मुदत पूर्ण करून सुटलेल्यांनाही ते लागू झालं. पण उशीर करू नका. आमचे बाबा नकाराचं पत्र वाचून गप्पच बसले, कितीतरी वर्षं. शेवटी मिळालं, पण थकबाकी अर्जाच्या मागच्या तीनच वर्षांची.

जांबोटीचा हवालदार:
ट्रंक उघडली. पत्रावर 9 ऑक्टोबर आहे. खाली भरतीच्या वेळचा फिटनेसचा कागदही सापडला. प्रतीसाठी अर्ज उद्याच रजिस्टर पोस्टानं टाकतो.