कळलावीचा लाल भट्टीत जातो कुठे?

शेवंती_बांध:
मी चिनीमातीच्या ताटल्यांवर आपली रानफुलं रंगवते, जुन्या वनस्पतिग्रंथांच्या धाटणीने. डोळ्यांपुढे कोपनहेगनचा ‘फ्लोरा डॅनिका’ हा चिनीमातीच्या भांड्यांचा संच आहे. १७९० साली सुरू झालेला, बराचसा योहान ख्रिस्टोफ बायर या एकाच माणसाने रंगवलेला, प्रत्येक नगामागे वनस्पतीचं लॅटिन नाव. तेवढा नेटकेपणा मला हवाय.

आता कळलावी घेतलीय. रेषेचं वळण ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या जुन्या ग्रंथातल्या, तांब्याच्या ठशांवरून छापलेल्या चित्रांचं. ती चित्रं काळीपांढरी, म्हणून रंग श्रावणात भावाच्या शेताच्या बांधावर बसून टिपले. पाकळी देठाशी पिवळी, वर लाल, कडा चुणीदार. कुक्षीवृंत, म्हणजे फुलाच्या मधली स्त्रीकेसराची दांडी, तळाशीच काटकोनात वळलेली. पिवळा लावला, तो ओला असतानाच त्यावर लोहाचा लाल ओढला, ८०० अंशांवर भाजलं. ताटली बाहेर आली ती नुसती पिवळी! पानाच्या टोकाचा वेटोळा तेवढा सुरेख उतरला. दोनदा हेच झालं, फार जीव तुटला.

भट्टीवाला_दादा:
ताई, पिवळा लोहाच्या लालाला खातो. ओल्यावर ओला तर लावूच नका. लालाची जागा कोरी ठेवून पिवळा आधी भाजून घ्या. मग लाल शेजारी लावा, पिवळ्यावर चढवू नका, आणि दुसरं भाजणं थोड्या कमी तापमानावर ठेवा. मधली नारिंगी छटा त्याच लालाच्या पातळ हाताने येते. कॅडमियमचा लाल घ्याल तर तो बाकीच्या रंगांत मिसळू नका. आधी फुटक्या बशीच्या तुकड्यावर करून बघा.

रेघोटी:
रेषांसाठी रंगाची पूड साखरेच्या पाण्यात घोटून टाकाने काढा. वाळली की वरून टर्पेंटाइनमधला रंग फिरवला तरी पुसत नाही. रंग जाड चढवू नका, भाजताना पापुद्रे निघतात.

काजळमाया:
थोडं विषयांतर, पण राहवत नाही. ‘मलबारिकस’च्या १६७८च्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र छापलंय. चित्रांवर वनस्पतींची नावंही लॅटिन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत आहेत. तुम्ही लॅटिन नाव मागे घालता, तसं ‘कळलावी’ पुढे, चित्रातल्या मुळाशी लिहा ना.

शेवंती_बांध:
दादा, तीन तुकडे भाजले. शेजारी लावलेला लाल राहिला! रेघोटी, साखरेची रेष केसाइतकी बारीक आली. काजळमाया, नाव मुळाशीच लिहितेय. ‘ळ’च्या गाठी टाकाने दोनदा गिरवल्या, उद्या भट्टी लागेल.