मदत हवी आहे : पैसे माझे, मग एवढी चौकशी कशाला?

वैतागलेला
केवायसी कधीच झालंय. आज क्रिप्टो कॉइन बाहेर पाठवायला गेलो तर ते जिथे ठेवलेत ते एक्स्चेंज विचारतंय, समोरचं पाकीट (वॉलेट) कुणाचं, कशासाठी. बायकोला वाढदिवसाची भेट घ्यायची आहे, बस्स. तीन तास 'प्रलंबित' दिसतंय. काय करू? आणि काय घेतलं ते यांना कळणार का? लवकर सांगा.

हिशेबनीस
कुठला कॉइन? पत्ता कुणाचा? फॉर्ममध्ये काय निवडलंत?

उंटावरचा_शहाणा
मोनेरो घ्या, त्या कॉइनचे व्यवहार लपलेले राहतात. विषय संपला.

हिशेबनीस
कसला संपला? बायनान्ससारख्या मोठ्या एक्स्चेंजने फेब्रुवारी २०२४ मध्येच काढून टाकलं ते. आणि दुकानदाराने घ्यायला तर हवं.

वैतागलेला
बिटकॉइन. दुकानदाराचा क्यूआर स्कॅन केला आणि 'स्वतःचं पाकीट' निवडलं. पैसे माझेच आहेत ना!

हिशेबनीस
इथेच घोळ झाला. पैसे तुमचे, पत्ता दुकानदाराचा. त्याच्यामागे पेमेंट कंपनी असेल तर पाठवणारा आणि घेणारा, दोघांची नावं सोबत जावी लागतात. एफएटीएफने, म्हणजे काळा पैसा रोखण्याचे नियम सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, २०१९ मध्ये हा 'ट्रॅव्हल रूल' क्रिप्टोला लावला. त्यांनी १,००० डॉलर किंवा युरोपर्यंत थोडी सूट ठेवलीय, पण युरोपीय संघात कंपनी ते कंपनी व्यवहाराला तीही नाही. सपोर्टला लिहून उत्तर दुरुस्त करा.

भावबघ्या
आत्ता खर्च करूच नका, भाव वाढणार आहे.

पिंपळपान
भावाचं विचारलंय कुणी? @वैतागलेला, वस्तू काय ते एक्स्चेंजला दिसत नाही, पैसे कुठे गेले ते दिसतं. पण मला केवायसीपेक्षा साखळीची, म्हणजे सगळे व्यवहार नोंदवणाऱ्या ब्लॉकचेनची, जास्त धास्ती वाटते. ती उघडी वही आहे. एकदा पत्त्याला नाव चिकटलं की उरलेले सुटे ज्या पत्त्यावर परत येतात, तिथपर्यंत माग काढता येतो. दुकानदारही मागे चाळून बघू शकतो. रोख नोट असं काही बोलत नाही.

उंटावरचा_शहाणा
म्हणून तर म्हटलं, मोनेरो!

हिशेबनीस
पुन्हा तेच! पुढच्या वेळी आधी खरोखर स्वतःच्या पाकिटात घ्या. त्या पाकिटातून संदेशावर डिजिटल सही करून ते तुमचंच असल्याचं दाखवता येतं. मग तिथून दुकानदाराला द्या.

वैतागलेला
अहो, कंपनीला कळलं तर कळू दे. बायकोला कळायला नको.

पिंपळपान
हे आधी सांगायचंत! खात्याला ईमेल कुणाचा आहे?

वैतागलेला
दोघांचा एकच आहे.